वेगाच्या आकड्यासोबत अंतर आणि प्रसंगही छापावा

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर इंडियानापोलिसच्या मोटार शर्यतीविषयी एक चौकट प्रसिद्ध झाली. तेथील विक्रमी वेग ताशी ३८८ किलोमीटर असून विजेता याच वेगाने ५०० मैल धावतो, असे तीत म्हटले होते आणि खाली एका फेरीची विक्रमी वेळ ‘३७.८९५ मिनिटे’ अशी दिली होती. ती धावपट्टी अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरांहून किंचित अधिक आहे. गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी भेटणाऱ्या आमच्या मंडळातील दोघे-तिघे तेवढ्या वेळात तेवढे अंतर पायीच कापतात. सेकंदांच्या जागी मिनिटे पडणे ही मुद्रणातील चूक म्हणून सोडून देता येईल. वेगाविषयीचे विधान मात्र तसे सोडता येत नाही, कारण त्यात तीन निराळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या गेल्या आहेत.

३८८ हा आकडा खरा आहे, पण तो इंडियानापोलिसचा नाही. कॅलिफोर्नियातील फोंटाना येथे २८ ऑक्टोबर २००० रोजी कार्ट या अमेरिकन मोटार शर्यत मालिकेच्या पात्रता सत्रात (शर्यतीत कोणी कोठून निघायचे हे ठरवणाऱ्या फेऱ्यांत) ब्राझीलच्या जिल द फेरां याने ३०.२५५ सेकंदांत एक फेरी पूर्ण केली. त्या फेरीची सरासरी ताशी २४१.४२८ मैल, म्हणजे सुमारे ३८८.५ किलोमीटर येते आणि शर्यतीच्या अधिकृत सत्रात बंदिस्त धावपट्टीवर नोंदला गेलेला तो सर्वाधिक वेग मानला जातो. इंडियानापोलिसचा विक्रम याच्या चार वर्षे आधीचा, १९९६ मधील आहे. डच चालक आरी लायेनडाइक याची एक फेरी ३७.८९५ सेकंदांत, ताशी २३७.४९८ मैल म्हणजे सुमारे ३८२ किलोमीटर वेगाने झाली. त्याच आठवड्यात सरावात त्याने २३९.२६० मैलांचा वेग गाठला होता, पण तो सराव असल्याने अधिकृत विक्रमात धरला जात नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत, तीस वर्षे काढली. तेथे नुसता आकडा कोणी स्वीकारत नसे. शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा दहा अंशांनी तापला तर सुमारे अकरा मायक्रॉनने वाढतो. त्यामुळे तो २० अंशांना मोजला की मे महिन्याच्या दुपारी शेडमध्ये मोजला, हे कागदावर लिहिलेले नसेल तर कागद परत जाई. या सवयीमुळेच फोंटानाचा विक्रम मला फार बोलका वाटतो. कारण गाडीचा वेग कोणी मोजलेला नसतो, मोजलेली असते ती वेळ, आणि धावपट्टीच्या लांबीवरून वेग काढलेला असतो. कार्टने फोंटानाची लांबी २.०२९ मैल धरली, तर नासकार या अमेरिकेतील दुसऱ्या मोटार शर्यत संस्थेने तीच धावपट्टी दोन मैलांची धरली. दोन मैल धरून ३०.२५५ सेकंदांचा हिशेब केला, तर वेग ताशी २३८ मैलांच्या जरा खाली, म्हणजे सुमारे ३८३ किलोमीटर येतो. गाडी तीच, चालक तोच, घड्याळ तेच आणि तरीही साडेपाच किलोमीटरांचा फरक पडतो. या दुसऱ्या मापाने लायेनडाइकचा आणि द फेरांचा वेग जवळजवळ एकाच पातळीवर येतो. म्हणून ज्या बातमीत फेरीची वेळ आणि धरलेली लांबी दिलेली नाही, त्या बातमीतील वेग पडताळून पाहण्याचा मार्गच वाचकाला उरत नाही.

‘विजेता याच वेगाने धावतो’ हे तर मुळीच खरे नाही. इंडियानापोलिसच्या पात्रता सत्रात चालक धावपट्टीवर एकटा असतो आणि त्याच्या सलग चार फेऱ्यांची सरासरी धरली जाते. शर्यतीत २०० फेऱ्या असतात. त्यांत इंधन व टायरसाठी थांबणे आले आणि अपघातानंतर पिवळ्या झेंड्याखाली संथपणे चालणेही आले. १९११ च्या पहिल्या शर्यतीत रे हॅरून याची सरासरी ताशी ७४.६०२ मैल, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर होती. २०२१ मध्ये एलियो कास्त्रोनेव्हेस याने ती १९०.६९० मैलांवर, म्हणजे सुमारे ३०७ किलोमीटरांवर नेली आणि एवढी जलद ५०० मैलांची शर्यत तेथे त्यापूर्वी झाली नव्हती. चौकटीतील ३८८ आणि हे ३०७ यांत ऐंशी किलोमीटरांचे अंतर आहे.

लायेनडाइकच्या १९९६ च्या विक्रमाचा प्रसंगही सांगण्याजोगा आहे. पात्रतेच्या पहिल्या दिवशी लायेनडाइकची गाडी वजनात नियमापेक्षा थोडी कमी भरली आणि त्याची त्या दिवशीची कामगिरी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी त्याने चार फेऱ्यांत २३६.९८६ मैलांची सरासरी नोंदवली, जी आजही कायम आहे. परंतु पुढच्या रांगा पहिल्या दिवशीच्या चालकांसाठी राखलेल्या असल्याने इतिहासातील सर्वांत वेगवान पात्रता नोंदवणारा चालक शर्यतीला मागून निघाला. पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून निघण्याचा मान, स्कॉट ब्रेटन याचा होता, पण शर्यतीपूर्वीच १७ मे रोजी सरावातील अपघातात त्याचा मृत्यू झाला. पुढील वर्षी टर्बो इंजिने बंद करण्यात आली, त्यामागे वेग आवरण्याचाही हेतू होता. २०२४ मध्ये स्कॉट मॅक्लॉक्लिन याने २३४.२२० मैलांच्या सरासरीने पोल पटकावला. सोळा किलोमीटरांच्या चार फेऱ्यांत तो १९९६ च्या वेळेपेक्षा पावणेदोन सेकंदांच्या आसपास मागे आहे. इतकी वर्षे विक्रम टिकला म्हणजे आजचे चालक कमी पडतात, असा अर्थ वाचकाने काढू नये यासाठी एवढे तरी सांगायला हवे.

अशीच गोष्ट अमेरिकेतीलच टालाडेगा या धावपट्टीची. तेथील वळणे ३३ अंशांनी उचललेली आहेत (जत्रेतील मौत का कुआँ पाहिलेल्याला याची थोडी कल्पना यावी), तर इंडियानापोलिसची जेमतेम ९ अंशांची आहेत. १९८७ मध्ये बिल एलियट याने टालाडेगाला २.६६ मैलांची फेरी ४४.९९८ सेकंदांत, ताशी २१२.८०९ मैलांनी पूर्ण केली आणि नासकारच्या पात्रतेतील तो विक्रम अजून अबाधित आहे. कारण त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी टायर फुटून उडाली व प्रेक्षकांपुढील कुंपणावर आदळली. तेव्हा १९८८ पासून इंजिनाला मिळणारी हवा कमी करणारी रिस्ट्रिक्टर प्लेट सक्तीची झाली. २००४ मध्ये रस्टी वॉलेस याने प्लेटविना २१६.३०९ मैलांचा वेग गाठला खरा, पण ती चाचणी होती.

एकदा तर माणसाचे शरीरच आड आले. २००१ मध्ये टेक्सासच्या २४ अंशांच्या वळणांवर कार्टच्या गाड्या सुमारे २३ सेकंदांत फेरी पूर्ण करत होत्या. गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट दाब सलग सहन केल्याने बहुसंख्य चालकांना गरगरू लागले आणि २९ एप्रिलची शर्यत सुरू होण्याच्या काही तास आधी रद्द करावी लागली. टायरचीही मर्यादा असते. २००५ मध्ये इंडियानापोलिसच्या ज्या उचललेल्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकेनात, त्याच वळणामुळे फॉर्म्युला वनच्या फक्त सहा गाड्या शर्यतीला उरल्या आणि आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. त्या चौथ्या क्रमांकाचा उल्लेख आपल्याकडे होतो, मागचे वळण मात्र सांगायचे राहून जाते.

हे सारे आता आपल्यालाही जवळचे झाले आहे. आग्रा रोडने धुळे, सेंधवा ओलांडून गेल्यावर पीथमपूरला २०२१ पासून ११.३ किलोमीटरची वेगचाचणीची लंबवर्तुळाकार धावपट्टी सुरू आहे. तेथील बातम्या येतच राहतील. अशा लांबलचक चाचणीपट्टीवरचा आकडा टेक्सासमधील फोर्ट स्टॉकटनच्या ७.७ मैलांच्या पट्टीवर १९८७ मध्ये ए. जे. फॉइट याने नोंदवलेल्या २५७.१२३ मैलांशेजारी ठेवावा, अडीच मैलांच्या इंडियानापोलिसशेजारी नव्हे. तोपर्यंत ‘३७.८९५’ पुढील ‘मिनिटे’ तेवढे दुरुस्त करावे, ही विनंती. आमच्या मंडळातील त्या दोघा-तिघांनी ते कात्रण पाकिटात घालून ठेवले आहे आणि रोज सकाळी कोणाला ना कोणाला दाखवले जाते.

आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त कर्मचारी,
नाशिक