पिक्चर ट्यूब फोडू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

गणपतीच्या आधी साफसफाईत आपल्या सिंधुदुर्गात घरोघरचे जुने डबडा टीव्ही बाहेर निघतात, आणि पुष्कळदा त्यांचं काय होतं तर पिक्चर ट्यूबची मान मोडून तांब्याची कॉइल तेवढी काढतात आणि काच कुठेतरी वहाळाकडेला पडते. त्या काचेत शिसं असतं हो, ते पावसाच्या पाण्यात कशाला जायला हवं. आणि मला तर ती ट्यूब हवी आहे, म्हणून हे पत्र.

कणकवलीतल्या एका बंद झालेल्या पार्लरमधलं व्हिडिओ गेमचं मशीन मी घेतलंय, आपण सगळे 'मुस्तफा' म्हणायचो तो गेम, कॅपकॉम कंपनीचा 1993 चा. हे काम मला अगदी नवीन. खालचा प्लाय फुगलेला, तो सुताराने बदलला. गेमचा बोर्ड मशीनला जोडणाऱ्या जामा कनेक्टरचे 56 पॉइंट खाऱ्या हवेने हिरवे पडलेले, ते खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्यावर बोर्डाला नीट 5 व्होल्ट मिळाले आणि आवाज आला, पण स्क्रीनवर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ.

आमच्याकडचे टीव्ही रिपेअरवाले काका आता दुकान चालवत नाहीत, पण आले आणि रेघ बघूनच म्हणाले व्हर्टिकल, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारं सर्किट, गेलंय, बंद कर, नाहीतर ट्यूबवर तिथेच कायमचा डाग पडेल. रंगीत ट्यूबवर 20-25 हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी चार्ज आत राहतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या अर्थिंगच्या जाळीला लावायचं, मगच ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवायचं. "एक हात खिशात घाल, मगेच दुसरो फुडे कर," हे त्यांनी मला आधी शिकवलं आणि सोल्डरिंग नंतर. व्हिडिओ बघून एकट्याने मॉनिटर उघडणाऱ्या पोरांना माझी कळकळीची विनंती आहे, असा माणूस शेजारी उभा असल्याशिवाय हात घालू नका.

व्हर्टिकलचा आयसी आणि सुकलेले कंडेन्सर बदलले तेव्हा चित्र उभं राहिलं, काय आनंद झाला सांगू! पण लाल रंग फिका, ट्यूबच थकलीय, दुसरी हवी. लोक म्हणतात एलसीडी बसव. गेमचा सिग्नल साधारण 15 किलोहर्ट्झचा, बरेच नवे स्क्रीन तो सरळ घेतच नाहीत, आणि घेतला तरी ते चित्र तसं दिसत नाही.

तर नगरपंचायतींनी ई-कचरा गोळा करायच्या दिवशी एक जुना टीव्ही मेकॅनिक टेबलाशी बसवावा, त्याला त्या दिवसाचा मेहनताना द्यावा, चालू ट्यूब त्याने बाजूला काढाव्यात आणि बाकीच्या नोंदणीकृत रिसायकलरकडे जाव्यात, ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडेच जावा असं 2022 चे ई-कचरा नियमही सांगतात. आयटीआयवाल्यांनी पोरांना तिथे पाठवावं, कारण हे काम हाताने शिकवणारी माणसं आता सत्तरीला आलीत. आणि वाचकहो, घरातला 20 इंची रंगीत टीव्ही अजून चालत असेल तर भंगारात द्यायच्या आधी गावातल्या मेकॅनिकला एक फोन करा.

— एक वाचक, कणकवली