दसरा होऊ द्या, मग कोथिंबीर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला घरच्या घरी हिरवा मसाला लावण्यावरचा लेख वाचला. थंडी सरली की मार्चमध्ये कोथिंबीर, रोझमेरी, थाईम पेरा, असं त्यात म्हटलंय. जिथं हिवाळ्यात बर्फ पडतो तिथं हे बरोबरच आहे. पण मी राहते लातुरात. शिकवणीला आलेल्या पोरांचे साठ डबे रोज माझ्या घरून जातात. पाडव्याच्या सुमाराला धने पेरले की काय होतं, ते मी आमच्या गच्चीवर भोगलंय.

तीन वर्षांखाली मेमध्ये कोथिंबिरीची जुडी परवडणार नाही म्हणून मी मार्चअखेर तेलाच्या सहा रिकाम्या डब्यांत धने टाकले. उगवले छान. वीतभर व्हायच्या आतच मधून दांडा वर गेला, पानं शेपूसारखी बारीक झाली आणि पांढरा फुलोरा आला. मी बियाणंवाल्याशी जाऊन भांडले. बिचाऱ्यानं दुसरी पुडी फुकट दिली, तिचंही तेच. दोष बियाण्याचा नव्हताच. ऊन तापलं की कोथिंबिरीला फुलायची घाई होते. त्यात पत्र्याचा डबा. दुपारी हात लावला तर चटका बसायचा. शिवाय मी शेतातली नुसती काळी माती भरलेली. ती वाळली की आक्रसते आणि डब्याच्या कडेनं बोटभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली. गच्ची ओली, मुळं कोरडी!

आता दसरा झाल्याशिवाय मी धन्याला हात लावत नाही. तिथून संक्रांतीपर्यंत दर पंधरा दिवसांनी दोन डबे पेरते, म्हणजे एकदम सगळी कापायला येत नाही. काळ्या मातीत निम्मं शेणखत आणि थोडी वाळू. डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाच-सहा भोकं, बाहेरून गोणपाट. किराणातले धने चालतात, फक्त यंदाचे हवेत. फरशीवर पसरून चपलेच्या तळव्यानं हलकेच रगडायचे. एका धन्यात दोन दाणे असतात, ते सुटे व्हायला हवेत. जोर जास्त झाला तर भाजीत टाकायची पूड होते, तीही वाया जात नाही म्हणा. रात्रभर भिजवून अर्धा बोट खोल पेरायचे, वर ओलं पोतं. आठ-दहा दिवसांत उगवतात. मोड दिसले की पोतं लगेच काढा, नाहीतर रोपं पिवळी पडतात. एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावू नका, सोटमूळ दुखावतं. चाळीसेक दिवसांनी दोन बोटं ठेवून कापली की आणखी एकदा फुटते. तिसऱ्यांदा फुटेल ही आशा मी सोडली आहे.

उन्हाळ्यात पुदिना लावा. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडून खालची पानं काढायची आणि ग्लासभर पाण्यात ठेवायच्या. आठवड्यात मुळ्या सुटतात. जागा सकाळच्या उन्हाची, दुपारी सावली. आमचा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आहे. त्याला वेगळाच डबा द्या, शेजाऱ्याला तो जगू देत नाही. कढीपत्ता आणि गवती चहा मृगाचा पाऊस पडल्यावर लावावा. कढीपत्त्याला पहिलं वर्ष ओरबाडू नये, हे सासूबाईंचं सांगणं मी मोडलं आणि एक रोप गमावलं.

राहिलं पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस लातूरकर विसरलेले नाहीत. तेव्हा कुंडीत तांब्या ओतायचा तर शेजाऱ्यांची नजर चुकवावी लागे. लेखात 'रोज पाणी द्या' एवढंच आहे. ते आणायचं कुठून? माझ्याकडे तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी भरपूर असतं, तेवढ्यावर सगळे डबे जगतात. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून शिंपडते, धारेनं घातलं तर दाणे वर येतात. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र घालू नये. दोन महिन्यांत डब्याच्या कडेला पांढरा थर धरला आणि पानांची टोकं करपली.

रोझमेरीचं मला माहीत नाही, पण पोरांच्या वरणात घातली तर पोरं ताटावरून उठतील. त्यापेक्षा पानओवा लावा, एका फांदीवर येतो आणि पानांची भजीही होतात. पुढच्या वेळी लागवडीचं वेळापत्रक छापाल तर जानेवारी-फेब्रुवारीऐवजी नक्षत्रांनी छापा, आणि मराठवाड्याचं वेगळं द्या. मृगाच्या आधी मिळालं तर बरं, मला कढीपत्त्याचं दुसरं रोप आणायचंय.

आपली,
एक खानावळवाली, लातूर