रंग उडतो का लागतो?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोमवारच्या विद्यार्थी पुरवणीत गेले काही आठवडे इंग्रजी शब्दांची एक चौकट येते. डावीकडे रोजच्या बोलण्यात घासून गुळगुळीत झालेले शब्द आणि उजवीकडे त्यांच्या जागी वापरायचे भारदस्त शब्द. व्हेरी टायर्ड नको, एक्झॉस्टेड म्हणा. व्हेरी ओल्ड नको, एन्शंट म्हणा. व्हेरी थिन नको, स्किनी म्हणा. माझ्याकडे संध्याकाळी येणारी मुलं ही चौकट कापून वहीत चिकटवतात आणि घोकतात. त्या वह्या रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून हे पत्र.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, भिंतीपलीकडे कानडी अशी वाढले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात 27 वर्षं परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार सांभाळला. निवृत्त झाल्यापासून ओसरीवर आठ-नऊ मुलांना इंग्रजी बोलायला शिकवते. फी घेत नाही. बहुतेकांच्या आया विड्या वळतात, वडील मागावर नाहीतर रिक्षावर.

मुलांचं इंग्रजी चार-पाच शब्दांत अडकलं आहे, हे आपलं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीतल्या मुलाच्या कानावर ही भाषा आठ वर्षं पडलेली असते. तरी गड्ड्याची यात्रा कशी होती विचारलं की व्हेरी नाइस. सिनेमा कसा होता, व्हेरी नाइस. मावशीचं नवं घर, तेही व्हेरी नाइस. पुढे हीच मुलं पुण्याला मुलाखतीला जातात. सांगायचं पोटात खूप असतं आणि ओठावर गुड आणि नाइस एवढंच येतं. घरी परत आल्यावरचे त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. तेव्हा दुखणं आपण बरोबर ओळखलं आहे. मला बोलायचं आहे ते औषधाबद्दल.

गेल्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीनं आजीवर दहा ओळी लिहून आणल्या. पहिलीच ओळ होती, 'माय ग्रँडमदर इज एन्शंट अँड स्किनी.' चौकटीप्रमाणे पाहिलं तर सगळं बरोबर. मी विचारलं, एन्शंट म्हणजे काय गं? म्हणाली, खूप म्हातारी. मी सांगितलं, एन्शंट लेण्यांना म्हणतात, हजार-दीड हजार वर्षांच्या देवळांना म्हणतात. घरातल्या आजीला एल्डर्ली म्हणावं, किंवा सरळ ओल्ड म्हणावं, त्यात काही कमीपणा नाही. आणि स्किनी म्हटलं की हाडं वर आलेली, बघवत नाही अशी काया डोळ्यांपुढे येते. मुलीचा चेहरा उतरला. तिला आजीबद्दल मायेनं लिहायचं होतं आणि शब्द भलतेच बोलून गेले होते.

मग मी वही मिटायला लावली. म्हटलं, इंग्रजी राहू दे, आजी आहे कशी ते सांग. क्षणभर थांबून म्हणाली, 'काटक आहे. अजून दिवसाला पाचशे विड्या वळते.' काटक! बारीक, पण चिवट. इंग्रजीत त्याला वायरी म्हणतात. आम्ही दोघींनी मिळून ओळ लिहिली, 'माय ग्रँडमदर इज थिन अँड वायरी, अँड शी स्टिल रोल्स फाइव्ह हंड्रेड बीडीज अ डे.' थिन हा साधा शब्द तसाच ठेवला. वायरी हा शब्द तिला आपल्या चौकटीत कधीच सापडला नसता, कारण चौकट 'व्हेरी थिन'पासून निघते आणि मुलगी 'काटक'पासून निघाली होती.

संपादक महोदय, माझं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे. आमच्या मुलांजवळ नेमके शब्द भरपूर आहेत, पण ते मराठीत, तेलुगूत, कानडीत, दखनीत आहेत. इंग्रजी बोलायला तोंड उघडलं की मूल आपला नेमका शब्द आधी खाली ठेवतं, त्याच्या जागी व्हेरी अमुक असं काहीतरी उचलतं, आणि मग आपण त्याला त्या व्हेरीचा भारदस्त पर्याय देतो. मधल्या मध्ये सांगायची गोष्टच हरवते.

मला हे नोकरीत फार महागात शिकायला मिळालं. साल 1996. आमच्या ऑफिसात तेव्हा ई-मेल नव्हता, फॅक्सवर काम चालायचं. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा फॅक्स आला की गडद निळ्या टॉवेलच्या रंगाबद्दल दुकानांतून तक्रारी येत आहेत, तुमच्याकडे ठेवलेले नमुने तपासून कळवा, रंग ब्लीड होतो आहे की फेड? मला ब्लीड म्हणजे रक्त येणं एवढंच ठाऊक. मी उत्तर पाठवलं, कलर प्रॉब्लेम इज व्हेरी स्मॉल, क्वालिटी इज व्हेरी गुड. त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच, आणखी नम्रपणे. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी फॅक्सचा कागद घेऊन मी खाली रंगाई खात्यात गेले. आमचे डाइंग मास्टर इंग्रजी वाचणारे नव्हते. त्यांनी मला एवढंच विचारलं, 'पोरी, रंग उडतो का लागतो?'

त्यांनी नमुन्याचा टॉवेल उचलला. एक कोपरा कोरडाच पांढऱ्या फडक्यावर घासला, फडकं स्वच्छ राहिलं. दुसरा कोपरा ओला करून फडक्यात दाबून धरला. उघडलं तर फडक्यावर निळा डाग. 'लागतो,' ते म्हणाले. 'रंगवल्यावर सुताला न धरलेला रंग नीट धुऊन काढला नाही. साबणाचं पाणी कमी पडलं.' उन्हानं उडतो त्याला इंग्रजीत फेड म्हणतात, ओल्यात सुटून शेजारच्या कपड्याला लागतो त्याला ब्लीड, आणि कोरडाच घासून लागतो त्याला क्रॉक. तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. मास्तरांजवळ उडणं आणि लागणं हा फरक लहानपणापासून होता. माझ्याजवळही होता. गावाकडची लुगडी पहिल्या धुण्याला वेगळी भिजवायची हे मला आई सांगायची, ते काय उगाच? पण फॅक्सच्या कागदापुढे बसले की मला तो फरक आठवत नसे. मी एका ओळीत उत्तर पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं समाधान झालं. मात्र मधल्या तीन दिवसांत त्याच रंगाचा पुढचा लॉट तसाच रंगवून झाला होता. तो सगळा पुन्हा धुवावा लागला. तेव्हापासून व्हेरी लिहायला माझा हात धजत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या जिभेवरचंच घ्या. कडक. सोलापुरात या शब्दावाचून दिवस जात नाही. कडक भाकरी, कडक चहा, कडक इस्त्री, कडक ऊन, कडक मास्तर. मुलांना इंग्रजीत सांगायला लावलं की सगळीकडे हार्ड येतं, फार तर व्हेरी हार्ड. आता चौकट बघून हार्डच्या जागी काय घालणार? चौकटीला कुठलं कडक ते ठाऊकच नाही. आपली भाकरी तोडली की कट्‌कन आवाज होतो, ती क्रिस्प. चहा स्ट्राँग. तिथं पॉवरफुल म्हटलं तर अर्थ कळेल, पण इंग्रजी बोलणारा कुणी असं म्हणत नाही. कॉलर कडक असते ती स्टिफ. चाळीस-बेचाळीस डिग्रीचं आपलं एप्रिलमधलं ऊन स्कॉर्चिंग. मास्तर स्ट्रिक्ट. एका कडकमधून पाच शब्द निघाले आणि एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मी हे ओसरीवर घेतलं तेव्हा मुलं आपणहून पुढे गेली. भाकरी कडक नसली तर काय? वातड असली तर च्युई, शिळी असली तर स्टेल, करपली असली तर बर्न्ट. एकानं विचारलं, आणि खरपूस? त्यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी 'टोस्टेड टिल इट स्मेल्स गुड' असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि त्या गुडला कुणाचीही हरकत नव्हती. माझीही नव्हती. नेमका एक शब्द मिळाला नाही तर साध्या चार शब्दांत सांगावं, ते उत्तम इंग्रजी असतं.

म्हणूनच गुड, बिग, सेड, बाय या शब्दांना वाळीत टाकू नये असं मला मनापासून वाटतं. बाजारातून भाजी बायच करतात, पर्चेस केली की सरकारी अर्जासारखं वाटतं.

व्हेरीबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चौकटीमुळे एक नवीच चूक रुजते आहे. मुलं आता 'व्हेरी एक्झॉस्टेड' म्हणू लागली आहेत. सिद्धेश्वर तलाव तुडुंब भरला म्हटल्यावर आपण 'खूप तुडुंब' म्हणत नाही, कारण तुडुंबमध्ये ते खूप आधीच मुरलेलं असतं. एक्झॉस्टेड, स्टार्व्हिंग, फ्युरिअस यांचंही तसंच. जोर द्यायचाच असेल तर तिथं अ‍ॅब्सोल्यूटली लावतात. बाकी शब्द झिजतात ही काही आजकालच्या मुलांची चूक नव्हे. व्हेरीचा मूळ अर्थ 'खरा' असा होता आणि नाइस इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' असा होता. आपणही एखाद्या साडीला भयंकर सुंदर म्हणतो, त्यात भय कुठं उरलं आहे?

यात्रेनंतर एका मुलाला मी नंदीध्वजाबद्दल, म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठीबद्दल, विचारलं. त्याचा काका ध्वज धरतो. मुलगा म्हणाला, 'इट इज व्हेरी बिग स्टिक.' मी म्हटलं, कसा असतो रे तो? तो बोलेना. उठून उभा राहिला, दोन्ही हात कमरेशी धरले, मान वर केली आणि हळूहळू डाव्या-उजव्या अंगाला जाऊ लागला. 'डोलतो,' म्हणाला. मी फळ्यावर स्वे लिहिलं. 'द पोल स्वेज, अँड माय अंकल वॉक्स स्लोली टू कीप इट स्ट्रेट,' हे वाक्य त्यानं स्वतः जुळवलं. यात भारदस्त असा एकही शब्द नाही. विशेषणाच्या मागे आपण इतके लागतो, पण पुष्कळदा हरवलेलं असतं ते क्रियापद.

आता विनंती. चौकट बंद करू नका, मुलं तिची वाट पाहतात. फक्त तिची डावी बाजू मराठी करा. व्हेरी थिनच्या जागी काटक, सडपातळ, हडकुळा, किडकिडीत असे चार शब्द द्या, त्यांच्यापुढे इंग्रजी शब्द आणि प्रत्येकाचं एक पूर्ण वाक्य. वाक्याविना शब्द देऊ नये हा माझा आग्रह आहे. इंग्रजी घरात न बोलणाऱ्यांसाठी उदाहरणांच्या वाक्यांसह पहिला मोठा शब्दकोश ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर केला. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि कोश तिथं 1942 मध्ये निघाला. वर्गातल्या मुलांची अडचण त्यांना रोज समोर दिसत होती. आणि मराठीकडून इंग्रजीकडे जायची वाट तर आपल्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशानं 1831 मध्येच पाडून ठेवली आहे. त्याच्या 1857 च्या आवृत्तीत सुमारे 60 हजार शब्द आहेत. तो कोश ग्रंथालयांत मिळतो, पण आठवीतल्या मुलाच्या हाताला तो जड आहे. त्याला पुरवणीतली हातभर जागाच सोयीची.

सुरुवातीला घ्यायला सोबत एक यादी पाठवत आहे. चादर आणि टॉवेल या आपल्या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा यादीही तिथूनच काढली. खरखरीत, विरलेला, उसवलेला, दशा सुटलेला, विटलेला, दाट, मऊसूत, पाणी टिपणारा, तंतू गळणारा आणि रंग लागणारा, असे दहा शब्द, त्यांचे इंग्रजी शब्द आणि दहा वाक्यं. वाक्यं मुलांनी केली आहेत, मी फक्त तपासली. सातवं वाक्य जरा लांब झालं आहे, जागा कमी असेल तर ते काढावं, बाकीची कृपया आहेत तशीच छापावीत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
निवृत्त पत्रव्यवहार लिपिक, पूर्व भाग, सोलापूर