पुरवणीतली ती फुली दुरुस्त करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या शालेय पुरवणीत वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांची रंगीत आकृती आणि खाली फरकांचा तक्ता छापून आला. आमच्या सातवी-आठवीच्या बऱ्याच मुलांनी तो कापून वहीत चिकटवला. आकृती सुबक आहे. पण तक्त्यात 'तंतुकणिका' (पेशीला ऊर्जा मोकळी करून देणारे तिच्यातले सूक्ष्म भाग) या शब्दापुढे प्राणिपेशीच्या रकान्यात बरोबरची खूण आणि वनस्पतिपेशीच्या रकान्यात फुली आहे. ही फुली चुकीची आहे. तंतुकणिका दोन्ही पेशींत असतात. रिक्तिका म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी; तिच्यापुढे प्राणिपेशीच्या रकान्यात असलेली फुलीही अर्धवट आहे. वनस्पतिपेशीत साधारणपणे एक मोठी रिक्तिका असते, प्राणिपेशीत असल्या तर त्या लहान असतात. 'नाही' असे छापून चालणार नाही.

एवढे लिहून पत्र संपवता आले असते. पण पहिली फुली मी केवळ आपल्या पानावर पाहिलेली नाही. चौदा वर्षे विज्ञान शिकवते आहे आणि चौदा वर्षे ती उत्तरपत्रिकांत पाहत आले आहे. मुलांचा हिशेब सरळ असतो. झाडाला हरितलवके दिली, प्राण्याला तंतुकणिका दिल्या, वाटणी झाली. 'बाई, झाडाला ऊन मिळतं ना, मग त्याला तंतुकणिका कशाला?' हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो विचारणारे मूल हुशारच असते. हरितलवकात उन्हाच्या मदतीने साखर तयार होते, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्या साखरेतली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशी मोकळी करावी लागते आणि त्यातले मोठे काम तंतुकणिका करतात, हा पुढचा भाग मात्र आकृतीत कुठेच दिसत नाही. रात्री ऊन नसते. मातीतल्या मुळाला तर उजेड कधी मिळतच नाही. तरी मूळ वाढते.

मी निफाड तालुक्यातल्या एका गावात शिकवते. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कांद्याची चाळ आहे. यंदा हा भाग शिकवताना मी खडू बाजूला ठेवला आणि विचारले, उन्हाळ कांदा चाळीत भरतो तेव्हा चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला का असतो, बाजूला फटी का ठेवतात? मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड उघडत नाही, पटकन म्हणाला, "खालून हवा नाही लागली तर कांदा तापतो, बाई." तापतो म्हणजे काय, असे विचारल्यावर म्हणाला, "ढिगात हात घातला की गरम लागतो. मग सडतो. आणि घट येते."

या मुलाने चाचणीत वनस्पतिपेशीपुढे फुली मारली होती. पण कांदा जिवंत आहे, साठवलेली साखर वापरून श्वसन करतो आणि त्यात उष्णता बाहेर पडते, हे त्याच्या हाताला आधीपासून माहीत होते. घटीतला मोठा वाटा पाणी उडून जाण्याचा आणि सडण्याचा असतो, पण थोडे वजन या श्वसनातही खर्च होते. चाळीतल्या कांद्याला हिरवे पान नाही, ऊन नाही, हरितलवक नाही, मग ही ऊब कुठून आली, असे मी विचारले तेव्हा वर्ग काही क्षण गप्प झाला आणि मग तीन-चार जण एकदमच 'तंतुकणिका' म्हणून ओरडले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सांगितले की तिने आईने मोड आणायला बांधून ठेवलेल्या मटकीच्या पुरचुंडीत हात घालून पाहिला, तीही कोमट होती. तिला हे कुणी सुचवले नव्हते.

हाच कांदा पेशी पाहायला जगभरच्या शाळांत वापरतात आणि आमच्याकडे तो पोत्यांनी पडलेला असतो. तरीही सातवी पार केलेल्या कित्येक मुलांनी पेशी एकदाही पाहिलेली नसते. पूर्वी मी एका शाळेत होते, तिथे सूक्ष्मदर्शक होता. तो डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेला आणि कपाटात कुलूपबंद. फुटला तर भरून कोण देणार, म्हणून कोणी तो बाहेर काढत नसे. मी हट्टाने उघडला तेव्हा भिंगावर बुरशीची जाळी पसरली होती. तो फुटला नव्हता, पण कुणाच्या उपयोगीही पडला नव्हता. त्या वर्षीच्या मुलांनी बाजारातून आणलेल्या थर्माकोलवर पेशी रंगवली, गुण मिळवले आणि पुढच्या वर्गात गेली. मला त्याची अजून रुखरुख आहे.

आता आहे त्या शाळेत आम्ही दोन तास लावून पाहतो. कांद्याची फोड करून मांसल पाकळीच्या आतल्या, पोकळ बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोलायचा. तो लगेच पाण्यात टाकायचा, नाहीतर गुंडाळतो. काचपट्टीवर पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि वरची पातळ काच एका बाजूने टेकवून सावकाश खाली सोडायची. धसकन सोडली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेची ती वर्तुळे मुलांना इतकी आवडतात की दरवर्षी दोघे-तिघे तीच पेशी म्हणून वहीत काढतात. ती पुसायला लावण्याआधी मी काच सरकवून बुडबुडा पळताना दाखवते. पळत नाही ती पेशी.

मग विटांच्या भिंतीसारख्या ओळी दिसतात आणि प्रत्येक विटेत, बहुधा कडेला सरकलेला, पिवळसर तपकिरी ठिपका. तो केंद्रक. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिली ती मेलेल्या पेशींची रिकामी घरे होती, त्यात केंद्रक नव्हते. केंद्रकाला नाव मिळाले ते रॉबर्ट ब्राऊनकडून, १८३१ मध्ये. हे सांगितले की मुले पुन्हा एकदा रांगेत उभी राहतात, हूकला जे दिसले नाही ते आपल्याला दिसते आहे म्हणून.

नंतर गालाची पेशी. चूळ भरायची, टूथपिकने गालाच्या आतून अगदी हलके खरवडायचे, काचपट्टीवर मिथिलीन ब्लू. एक मुलगी भिंगातून पाहून काळजीने म्हणाली, "बाई, माझ्या पेशीची कड दुमडलीय." पेशीभित्तिका म्हणजे काय हे मला त्या दिवशी वेगळे शिकवावे लागले नाही. कांद्याच्या पेशीला प्रद्रव्यपटलाबाहेर, म्हणजे तिच्या पातळ आवरणाबाहेर, भित्तिका आहे म्हणून ती विटेसारखी ताठ. गालाच्या पेशीला नुसते पटल, म्हणून तिची कड कापडासारखी दुमडते.

रिक्तिकेसाठी लाल कांदा घ्यावा. त्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा पाहिला तर जांभळा रंग रिक्तिकेतल्या पाण्यात असल्याचे कळते. काचेच्या कडेने मिठाचे पाणी सोडले की काही मिनिटांत तो रंग आक्रसून भित्तिकेपासून सुटतो. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी का घालतात, हे कोणत्याही घरात माहीत असते. तेच इथे डोळ्यांसमोर घडते.

आणि डोळ्यांतले पाणी. अख्खा कांदा हातात धरला तर काही होत नाही, चिरला की डोळे झोंबतात. कारण झोंबणारे द्रव्य कांद्यात तयार नसतेच. एक विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) रिक्तिकेत कोंडलेले असते, गंधकयुक्त द्रव्ये बाहेर पेशीद्रव्यात असतात. विळीखाली पेशी फुटते, दोन्ही एकत्र येतात आणि मग तो वायू बनतो. पेशीत वेगवेगळे कप्पे कशासाठी, याचे इतके चांगले उत्तर मला कुठल्याही आकृतीत सापडलेले नाही.

तंतुकणिका आमच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, हेही मी मुलांना सांगते. म्हणूनच तक्त्यावर त्यांची भिस्त असते आणि म्हणूनच तक्ता बिनचूक हवा.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुढे कधी पेशीची आकृती छापाल तेव्हा तिच्याखाली पेशीचे खरे माप द्या. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी सुमारे पाव मिलिमीटर लांब असते, गालाची त्याहून पुष्कळ लहान. हरितलवके काढलेली वनस्पतिपेशी पानातली आहे, कांद्यातली नाही, हेही लिहा. म्हणजे भिंगात हिरवे दाणे दिसले नाहीत तर मुलांना आपलेच काही चुकले असे वाटणार नाही.

दुसरी, दुरुस्ती आतल्या पानावर दोन ओळींत देऊ नका. सुधारलेला पूर्ण तक्ता पुरवणीत त्याच मापाचा छापा. मुले तो कापून जुन्या तक्त्यावर चिकटवतील. डिंक मी वर्गात आणून ठेवला आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
ता. निफाड, जि. नाशिक