तीनशे जणांच्या गटात उत्तर कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कार्यालयात नवी संगणक प्रणाली आली की पहिल्याच बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आता सगळे सगळ्यांशी जोडले जातील.’ यंत्रांच्या देखभालीत माझी सव्वीस वर्षे गेली. त्या काळात हे वाक्य मी चार वेळा ऐकले. त्याविषयी थोडे लिहायचे आहे.

आमच्या विभागात फोनशेजारी एक वही टांगलेली असे, दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. तिच्यात नुसते नंबर नव्हते. नंबरापुढे कोणी कोणी लिहून ठेवलेले असे: ‘जुन्या काँप्रेसरचं यांना विचारा’, ‘दुपारी दोननंतरच फोन करा’, ‘नकाशे यांच्याकडे’. माणूस बदलला की नाव खोडून बाजूला नवे नाव यायचे. पुढे संस्थेने सर्वांसाठी एकच संदेशगट केला, सुमारे तीनशे जणांचा. वही काढून टाकली.

एका रात्री तोच काँप्रेसर बंद पडला. तेलाचा दाब कमी असल्याचा दिवा लागत होता, तेल तर पुरेसे होते. रात्रपाळीच्या मुलाने गटावर फोटो टाकून विचारले. दोनशेहून अधिक जणांनी संदेश पाहिला. पहाटेपर्यंत उत्तर नाही. ज्यांना ते यंत्र पाठ होते ते गृहस्थ दुसऱ्या विभागात गेले होते. गटात तेही होते, पण दिवसभर संदेशांचा मारा चालतो म्हणून त्यांनी गटाचा आवाज बंद ठेवला होता. सकाळी कोणीतरी त्यांना थेट फोन लावला. दोन मिनिटांत त्यांनी सांगितले, ‘मागच्या दुरुस्तीत दाबाचा स्विच फिल्टरच्या मागे हलवलाय. त्याची वायर सैल होते, ती बघ.’ वायरच सैल होती.

यात मी कोणालाच दोष देत नाही. ज्यांनी संदेश पाहिला त्यांना खरोखरच उत्तर ठाऊक नव्हते, आणि तीनशे जणांत दुसरा कोणी सांगेल असे प्रत्येकाला वाटणे स्वाभाविक आहे. खोट आहे ती ‘जोडले’ या शब्दाचा अर्थ लावण्यात.

पलीकडे कोणी नसेल तर टेलिफोनसारखी निरुपयोगी वस्तू नाही, तिचे मोल जोडलेल्या ग्राहकांच्या संख्येबरोबर वाढते, असे अमेरिकेतील टेलिफोन कंपनी एटी अँड टीचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांनी १९०८ च्या वार्षिक अहवालातच मांडले होते. पुढे १९७३ मध्ये इथरनेटची, म्हणजे संगणक एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीची, कल्पना मांडणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याला हिशेब दिला: खर्च जोडलेल्या यंत्रांच्या संख्येइतका वाढतो, मूल्य मात्र संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात. पाच जणांत जोड्या १०, पन्नास जणांत १,२२५, तीनशे जणांत ४४,८५०. हा आकडा पाहून कोणताही व्यवस्थापक हरखून जाईल. पण मेटकाफ यांचा मूळ हिशेब एकमेकांशी बोलू शकणाऱ्या उपकरणांचा होता. उपकरण थकत नाही. माणसाचे लक्ष तेवढेच राहते आणि गटातल्या इतर २९९ जणांत विभागले जाते. सगळ्या जोड्या सारख्या मोलाच्या धरणे चूक आहे, हा आक्षेप २००६ मध्ये गणितज्ञ अँड्र्यू ओड्लिझ्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. आमच्या रात्रपाळीच्या मुलाच्या उपयोगाची जोडी एकच होती.

ती एक जोडी बहुधा रोजच्या संगतीतली नसते, हेही लक्षात घ्यावे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारले, की ज्याने माहिती दिली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? ८३ टक्क्यांहून अधिक जणांचे उत्तर ‘अधूनमधून’ किंवा ‘क्वचित’ असे होते. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. नवे काही येते ते लांबच्या ओळखीतून. आणि नेमक्या याच ओळखी आधी तुटतात. २०२० च्या पहिल्या सहामाहीत घरून काम सुरू झाल्यावर मायक्रोसॉफ्टमधील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास झाला. लोक आपापल्या गटात अधिक बंदिस्त झाले आणि गटागटांमधले दुवे कमी झाले, असे त्यात आढळले. साधने तर सर्वांच्या हाताशी होती.

मला खरी चिंता वाटते ती यापुढच्या पायरीची. प्रणाली आली की संस्था तिलाच जाळे समजू लागते आणि जाळे विणणारी माणसे कमी करते. आमच्या भांडारात एक बाई होत्या. सुटा भाग मागायला गेले की त्या म्हणत, ‘हाच भाग परवा वरच्या विभागानं नेला, त्यांनाही हीच अडचण दिसतेय, बोलून घ्या.’ त्यांचे पद रद्द झाले, कारण भाग आता पडद्यावरून मागवता येतो. भाग येतो. पण वरच्या विभागाचे कोणी सांगत नाही. त्या बाईंचे हे काम कुठल्याच अहवालात नोंदलेले नव्हते, त्यामुळे ते थांबल्याचीही नोंद नाही.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. शोधता येणारी नोंद दोऱ्याला बांधलेल्या वहीपेक्षा केव्हाही चांगली. संस्थांना एवढीच विनंती आहे: नवी प्रणाली आणण्याआधी आठवडाभर पाहा, अडल्यावर कोण कोणाला फोन करतो. ज्यांच्याकडे जास्त फोन जातात त्यांच्यापुढे वही घेऊन बसा, आणि त्यांचे पद काढण्याचा विचार त्यानंतर करा.

तो रात्रपाळीचा मुलगा आता स्वतः पर्यवेक्षक आहे. त्याने संगणकावर एक यादी सुरू केली आहे: नाव, नंबर, आणि पुढे ‘यांना काय विचारायचं’. मागच्या महिन्यात त्याने मला फोन केला. आठवतील त्या अकरा ओळी मी त्याला सांगितल्या. त्यांतली चार माणसे निवृत्त झाली आहेत, पण विचारले तर अजूनही सांगतील.

आपला नम्र,
एक निवृत्त देखभाल कर्मचारी