"हात लावू का गं?" विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम,

काल गौरी गेल्या आणि आज घर आवरता आवरता ठरवलं की आता लिहायचंच. तुमच्या ओपीडीत इतकी गर्दी असते की समोर आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, आणि बाहेर पडलं की सगळं आठवतं.

मागच्या वर्षी, २०२४ ला, गौरीजेवणाच्या दिवशी लेकीच्या गळ्यात ठुशी बांधताना माझ्या बोटांना गाठ लागली. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, सुपारीएवढी. दुखत नव्हती. संध्याकाळची थोडी कणकण असायची आणि पोरगी बारीक होत चालली होती पण आम्हाला वाटलं कॉलेजची दगदग. तिथून जानेवारीपर्यंत चार महिने आम्ही नुसते दवाखाने फिरलो. एकांनी टेबलापलीकडूनच बघून अँटिबायोटिक दिली, मग बदलून दुसरी, मग तिसरी. दुसरीकडे मान वर न करता सांगितलं की कॅन्सरसुद्धा असू शकतो, सगळ्या टेस्ट करून या, आणि लगेच पुढच्या पेशंटला आत बोलावलं. एकोणीस वर्षांच्या पोरीसमोर! त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पण झोपली नव्हती हे मला माहीत आहे. तिसरीकडे तर सरळ चीर देऊन पू काढू म्हणाले, माझा भाऊ अडून बसला म्हणून वाचलो, नंतर तुम्हीच सांगितलंत की टीबीची गाठ अशी नुसती कापली तर जखम महिनोन्महिने वाहत राहते. चूक कुणाच्याही हातून होते मॅडम, ते मी समजू शकते, पण चार महिन्यांत एकानेही माझ्या लेकीच्या मानेला नीट हात लावून बघितलं नाही ह्याचा राग अजून जात नाही.

आणि मग तुम्ही. जानेवारीतली थंडी होती, ती नेहमीसारखी ओढणी गळ्याभोवती गच्च गुंडाळून बसली होती. तुम्ही खुर्चीतून उठलात, तिच्या मागे जाऊन उभ्या राहिलात, दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम केलेत आणि म्हणालात, "हात लावू का गं बाळा? गार लागला तर सांग." बस, एवढंच. तिने स्वतःच्या हाताने ओढणी काढली. तुम्ही ती घेऊन व्यवस्थित घडी घालून तिच्या मांडीवर ठेवलीत आणि मग हनुवटीखालून, कानामागून, गळ्याच्या हाडाच्या वर, बोटांनी हळूहळू चाचपत गेलात. बाहेर लोक दार वाजवत होते, तुम्ही घाई केली नाहीत. एक म्हणत होतो तिथे तुम्हाला तीन गाठी सापडल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मी बाजूला उभी राहून रडत होते, कॅन्सरच्या भीतीने नाही हो, कुणीतरी माझ्या लेकराला माणूस म्हणून विचारलं म्हणून.

पुढचं सगळं किती पटापट झालं. सुईने पाणी काढलं, त्यातलं थोडं काचेवर आणि थोडं सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनच्या टेस्टला, रिपोर्ट आला टीबी, आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा. माझी आजी ज्याला गंडमाळ म्हणायची तेच हे, असं तुम्ही आमच्या भाषेत सांगितलंत. आधीच्या चिठ्ठ्या बघताना एका गोळीच्या नावावर तुमचं बोट थांबलं, म्हणालात ह्या गोळीने टीबी थोडा दबतो आणि निदान लांबतं, पण लिहून देणाऱ्याबद्दल वाईट एक शब्द काढला नाहीत. मला तेव्हा ते आवडलं नव्हतं, मला वाटत होतं तुम्ही चिडावं. आता कळतं की तुम्हाला तेवढा वेळ माझ्या पोरीला द्यायचा होता.

घरात ताट वेगळं, पेला वेगळा सुरू झालं होतं, जाऊबाईंनी त्यांच्या लहान मुलांना आमच्याकडे पाठवायचं बंद केलं होतं. तुम्ही सगळ्यांना बोलावून घेतलंत, तिचा छातीचा एक्स-रे उजेडावर धरलात आणि सांगितलंत की फुप्फुस साफ आहे, गाठीतला टीबी जेवणातून पाण्यातून कुणाला होत नाही, हिला पंगतीत बसवा. त्या रात्री जाऊबाईंनी स्वतः तिला वाढलं.

४१ किलोच्या पोरीला रोज तीन गोळ्या, दोन महिने एकेका गोळीत चार औषधं आणि पुढे चार महिने एकेकीत तीन. लघवी केशरी होईल हे आधीच सांगितलं होतंत म्हणून घाबरलो नाही. पण दुसऱ्या महिन्यात गाठ उलट वाढली तेव्हा माझे हातपायच गळाले, नवरा म्हणाला औषध लागू पडत नाही, बंद करू. तुम्ही परत तसंच मागे उभं राहून, परत विचारून, हात लावून बघितलंत आणि समजावलंत की मेलेल्या जंतूंशी अंग झगडतं तेव्हा कधी कधी गाठ फुगते, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. नाही चुकवली. औषधं फुकट होतीच, वर पोषणाचे महिन्याला १००० रुपये तिच्या खात्यात आले, त्यातून अंडी आणि शेंगदाण्याचे लाडू झाले.

शिकलेली माणसं खूप भेटतात मॅडम, मोठमोठ्या पाट्या लावलेली भेटतात. पण दिवसाला शंभर माणसं तपासून एकशे एकाव्या पोरीला थंडी वाजेल हे लक्षात ठेवणारं माणूस, त्याला काय म्हणायचं मला सुचत नाही. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

जुलैत कोर्स संपला. शेवटी तुम्ही म्हणाला होतात की वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागत राहील, घाबरायचं नाही, पण वाढलं किंवा ताप आला तर लगेच यायचं. परवा गौरीजेवणाला तिने स्वतःहून ठुशी मागितली. ४७ किलो झाली आहे आता, गोंडा बोटभर सैल करावा लागला. बांधताना तो वाटाणा माझ्या बोटाला लागला, आहे तेवढाच आहे. दिवसभर ती गळा उघडा ठेवून हळदीकुंकवाला बायकांमध्ये फिरत होती, ओढणी आतल्या खोलीत खुंटीला.

फोटो काढलाय. पुढच्या महिन्यात दाखवायला येऊ तेव्हा घेऊन येते.

तुमच्या पेशंटची आई