विषय: हेल्पलाइनच्या चुकीच्या सल्ल्यामुळे विंडोज रीसेट होऊन लॅपटॉपवरील प्रोग्रॅम व सेटिंग गेल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

आपल्या हेल्पलाइनने माझी तक्रार 'समस्या सुटली' असा शेरा मारून बंद केली आहे. समस्या सुटलेली नाही, उलट वाढली आहे. तक्रार पुन्हा उघडावी, यासाठी हे पत्र.

मूळ अडचण अशी होती. लॉगिन केल्यावर डेस्कटॉप कोरा दिसू लागला. मराठी कीबोर्ड नाही, ब्राउझरमधले बुकमार्क नाहीत आणि कोपऱ्यात सूचना, की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन केले आहे. म्हणजे विंडोजने माझी नेहमीची सेटिंग न उघडता तात्पुरती, कोरी उघडली होती. ही सूचना मी आपल्या प्रतिनिधींना फोनवर शब्दन् शब्द वाचून दाखवली. सी ड्राइव्हवरच्या 'यूझर्स'मध्ये माझ्या नावाचे जुने फोल्डर जागेवर आहे आणि फाइल्सही दिसताहेत, हेसुद्धा सांगितले. उत्तर मिळाले, "सर, विंडोज करप्ट झालंय. रीसेट मारा. 'कीप माय फाइल्स' निवडा, काही जाणार नाही."

माझी खरी तक्रार या 'काही जाणार नाही'बद्दल आहे. त्या पर्यायात कागदपत्रे, फोटो वगैरे राहतात. पण आपण टाकलेले प्रोग्रॅम आणि केलेली सेटिंग पुसली जातात. रीसेट सुरू होण्याआधी स्क्रीनवर तसा इशाराही येतो. मी तो वाचून दाखवला, तेव्हा "ते नेहमीचंच असतं, नेक्स्ट करा" असे सांगण्यात आले. म्हणजे ग्राहक म्हणतो सेटिंग हरवली, आणि उपाय सुचवला जातो तो उरलीसुरली सेटिंगही धुऊन काढण्याचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

रीसेट झाल्यावर डेस्कटॉपवर विंडोजनेच एक फाइल ठेवली होती: काढून टाकलेल्या अ‍ॅप्सची यादी. ती उघडून खाली सरकवत गेलो तर संपेचना. पानांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर, प्रिंटरचा प्रोग्रॅम, हिशेबाचे पॅकेज, सगळे त्यात. या यादीत न येणारे नुकसान त्याहून मोठे आहे. मी जुनी मराठी पुस्तके नव्या छपाईसाठी मांडतो. त्यांच्या फाइल्स युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट गेले, त्यामुळे फाइल शाबूत असूनही उघडल्यावर ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे दिसतात. फाइल राहिली आणि मजकूर वाचता येत नाही, याला 'काही जाणार नाही' म्हणायचे का?

आता हे सगळे टाळता आले असते, असे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. आमच्याकडच्या दुसऱ्या, आपल्याच कंपनीच्या लॅपटॉपवर नंतर हुबेहूब हीच सूचना आली. या वेळी हेल्पलाइनला फोन न करता एका जाणकाराला बोलावले. विंडोज प्रत्येक वापरकर्त्याची सेटिंग त्याच्याच फोल्डरमधल्या 'एनटीयूझर डॉट डॅट' या फाइलमध्ये ठेवते आणि ते फोल्डर कुठे आहे, याची नोंद रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या 'प्रोफाइल लिस्ट'मध्ये असते. त्या नोंदीच्या दोन प्रती झाल्या होत्या, खऱ्या नोंदीच्या नावाच्या शेवटी 'डॉट बॅक' लागले होते. त्यांनी आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवली, नोंद सरळ केली आणि मशीन रीस्टार्ट केले. डेस्कटॉप, कीबोर्ड, बुकमार्क सगळे जागच्या जागी. माझ्या मशीनवरही दोष तोच होता, असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण तो तपासायला नको होता का? आणि विंडोजच खराब झाले असते, तरी चालू विंडोजमधून इन्स्टॉलेशनचे सेटअप चालवून, फाइल्स आणि अ‍ॅप्स दोन्ही ठेवून दुरुस्ती करता येते. त्याचा तर उल्लेखही झाला नाही.

फोनवरच्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जे लिहिलेले होते ते तो वाचत होता. ते लिहिणाऱ्यांकडून मला उत्तर हवे आहे.

लॅपटॉपबरोबर आलेले आपल्या कंपनीचे स्क्रीनच्या रंगजुळणीचे अ‍ॅप रीसेटनंतर परत आलेले नाही, तुमच्या डाउनलोड पानावरही ते सापडत नाही. त्याचे इन्स्टॉलर पाठवा. हिशेबाचे पॅकेज तुमच्याकडूनच लॅपटॉपसोबत घेतले होते. जुने ॲक्टिव्हेशन मोजणीत धरले गेल्याने ते आता लायसन्स-की स्वीकारत नाही. ते मोकळे करून द्या. आणि तात्पुरत्या प्रोफाइलची तक्रार आली की आधी काय तपासायचे, रीसेट सांगण्यापूर्वी ग्राहकाला काय काय जाणार हे स्पष्ट सांगायचे, अशी सूचना हेल्पलाइनला दिल्याचे मला लेखी कळवा. संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड असते, असे फोन लागताच ऐकवले जाते. उत्तर देण्यापूर्वी ते एकदा ऐकावे.

रीसेटनंतरची ती यादी आणि तक्रार बंद केल्याचा तुमचा मेसेज सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक